चार हजार आठशे टक्के

(ठाण्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी बातमी टाकली होती, ‘सॉफ्टवेअर कंपनीकडून ४८०० टक्के लाभांश’. खाली त्यांचा प्रश्न: ‘मॅडम, माझ्या एफडीला सात टक्के मिळतात. मी आयुष्यभर गाढवपणा केला का?’ आज मी बोलणार आहे ते खरं म्हणजे त्या काकांसाठी. ते आलेत, पहिल्या रांगेत बसलेत, नाव घेत नाही.

बातमी खरी होती. कंपनी ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर, लाभांश, म्हणजे नफ्यातून भागधारकांना दिलेला वाटा, एका शेअरला २४० रुपये. पण टक्के काढले होते दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवर, आणि ती आहे पाच रुपये. पाचावर २४० म्हणजे ४८०० टक्के, गणित चोख. बाजारात मात्र तोच शेअर तेव्हा सात हजारांच्या वर होता. त्या भावाने घेणाऱ्याला साडेतीन टक्केसुद्धा पडले नाहीत. दर्शनी किंमत ही लग्नपत्रिकेतल्या ‘कृपया आहेर आणू नये’ यासारखी असते. छापलेली असते, व्यवहार वेगळाच होतो. तेव्हा काका, या एका हिशेबात तरी तुमची एफडी पुढे आहे.

पण ते २४० रुपये आले कुठून, हे कुणी विचारत नाही. मी बावीस वर्षं नवी मुंबईत महापेला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या हिशेब विभागात काढली. कोड कसा लिहितात ते मला आजही कळत नाही. बिल कसं लिहितात आणि पैसे कसे येत नाहीत, ते मात्र पुरतं कळतं.

आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या सॉफ्टवेअर विकत नाहीत, माणसांचा वेळ विकतात. समजा, ऐरोलीला बसलेल्या एका मुलीचा तास परदेशी क्लायंटला २५ डॉलरने लावला. महिन्याचे १६० तास, म्हणजे ४,००० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ३ लाख ४० हजार. मुलीचा पगार धरू ८० हजार. हे ऐकल्यावर तिचे आईवडील म्हणतात, उरलेले २ लाख ६० हजार मालकाने खिशात घातले! तसं होत नाही. त्यातून तिच्या मॅनेजरचा पगार जातो, मॅनेजरच्या मॅनेजरचा जातो. ते काम मिळवायला अमेरिकेत बसवलेल्या विक्रीवाल्याचा पगार डॉलरमध्ये जातो. बस, कॅन्टीन, जागेचं भाडं, विमा, कर, सगळं जातं. आणि बेंचवरच्या मुलांचा पगार जातो.

बेंच म्हणजे काय, हे इथे ज्यांची मुलं आयटीत आहेत त्यांना ठाऊक असेल. एक प्रोजेक्ट संपलं, दुसरं मिळालं नाही, पगार चालू. प्रोग्रॅमरचा तास म्हणजे वाशी मार्केटमधली कोथिंबीर. आजची आज खपली तर पैसे, नाहीतर उद्या तिला कुणी विचारत नाही. फ्रीजमध्येसुद्धा ठेवता येत नाही. म्हणून आमच्या ऑफिसात दर सोमवारी एकच आकडा बघितला जायचा: शंभर माणसांपैकी किती जणांचे तास बिलात लागले. त्याला म्हणतात युटिलायझेशन. तो दोन-चार टक्क्यांनी घसरला की साहेबांचा चहा थंड व्हायचा.

नफ्याची दुसरी किल्ली उतरंडीची. खाली नव्याने लागलेली पुष्कळ मुलं, मध्ये थोडे अनुभवी, वर मोजकी पांढऱ्या केसांची माणसं. खालची उतरंड रुंद असली की सरासरी पगार कमी राहतो. एवढी कसरत केली की मोठ्या आणि शिस्तीच्या कंपन्यांना शंभर रुपयांच्या विक्रीमागे वीस ते पंचवीस रुपये कामकाजाचा नफा सुटतो. त्यावर पुन्हा आयकर. खर्चातला सगळ्यात मोठा भाग पगार, विक्रीच्या निम्म्याहून जास्त.

प्रॉडक्टचं, म्हणजे तयार सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचं, गणित वेगळं. ओरॅकलची ही कंपनी मूळची आय-फ्लेक्स, मुंबईतच वाढलेली. बँकांना लागणारं ‘फ्लेक्सक्यूब’ नावाचं सॉफ्टवेअर तिने बनवलं. एकदा लिहिलं की दहाव्या बँकेला देताना ते पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागत नाही. शिवाय बँक एकदा त्यावर गेली की सुटता सुटत नाही. आपण घराच्या भिंती सहज रंगवतो, पण पाया बदलतो का? मग दरवर्षी देखभालीचे पैसे येत राहतात. आपल्या लिफ्टची एएमसी असते ना, तीच गोष्ट. फरक एवढाच की लिफ्टवाल्याला माणूस पाठवावा लागतो.

प्रॉडक्टमध्ये मराठी माणूस नाही असं नाही. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या भावाने, संजयने, अँटिव्हायरस लिहिला. त्यातून पुण्याची क्विक हील उभी राहिली. २०१६ मध्ये ३२१ रुपयांना तिचा इश्यू, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, आला, आणि पहिल्याच दिवशी भाव त्याच्या खाली गेला. चांगलं प्रॉडक्ट आणि चांगला भाव ही दोन वेगळी स्थळं आहेत, पत्रिका जुळवूनच बघावी लागते.

आता तर विकतही नाहीत, भाड्याने देतात. अडोबीने २०१३ मध्ये ठरवलं की फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या डब्यात बंद करून विकायच्या नाहीत, महिन्याचे पैसे घ्यायचे. इथे आमच्या हिशेबात एक गंमत होते. तुम्ही खानावळवाल्याला वर्षाचे पैसे आगाऊ दिलेत. ते त्याच्या खिशात आले, पण कमावले का? नाही. रोजचा डबा पोचेल तसे ते त्याचे होणार. तोवर ते देणंच. म्हणजे इथे रोकड आधी येते आणि नफा मागून. माणसांचा वेळ विकणाऱ्यांचं बरोब्बर उलटं असतं. बिल लावलं की नफा पुस्तकात दिसतो, पैसे साठ-नव्वद दिवसांनी. मी निम्मी नोकरी ‘काइंडली रिलीज द पेमेंट’ लिहिण्यात घालवली आहे.

नफा आणि रोकड या दोन वस्तूंतला फरक देशाला कळला ७ जानेवारी २००९ रोजी. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींच्या वरची रोकड आणि बँकेतली शिल्लक अस्तित्वातच नाही. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी काम केलं नाही. आम्ही हिशेबवाले आपापल्या बँकेच्या पावत्या पुन्हा चाळत बसलो होतो, उगाचच.

तर समजा, पैसे खरोखर आलेत, पगार-कर भागलेत. आता त्यांचं करायचं काय? याचं उत्तर आपल्या ठाणे-बेलापूर रोडवरच आहे. माझ्या लहानपणी तिथून एसटी जायची तेव्हा खिडकी लावून घ्यायचो, असा रसायनांचा वास. त्या कारखान्यांना नफा झाला तरी निम्मा पुन्हा तिथेच पुरावा लागायचा: बॉयलर गंजले, पाइप बदला, नवी भट्टी लावा. आज त्याच रस्त्यावर काचेच्या इमारती आहेत. आतल्या कंपनीला काय लागतं? लॅपटॉप आणि खुर्च्या. इमारतसुद्धा बहुधा तिची नसते. ऐरोलीच्या माइंडस्पेसच्या इमारती ज्या ट्रस्टच्या आहेत तो २०२० मध्ये शेअर बाजारात आला, आणि अशा ट्रस्टला वाटण्याजोग्या रोकडीपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटावीच लागते. युनिट म्हणजे ट्रस्टमधला शेअरसारखा वाटा. म्हणजे मुलगा तिथे नोकरी करतो, त्याची कंपनी भाडं भरते, आणि युनिट घेतलेली त्याची आई त्या भाड्यातला चिमूटभर वाटा खाते. माझ्या माहितीत अशी एक आई आहे.

म्हणून सॉफ्टवेअर कंपनी भरपूर वाटू शकते. माझं स्पष्ट मत आहे की हे वाटप म्हणजे दानत नव्हे, ‘हा पैसा गुंतवायला आमच्याकडे जागा नाही’ अशी कबुली आहे. त्यात लाज नाही. उलट, जागा नसताना परदेशात भलतीच कंपनी विकत घेणाऱ्यांपेक्षा ही कबुली मला प्रामाणिक वाटते. मायक्रोसॉफ्ट १९८६ मध्ये बाजारात आली आणि पहिला लाभांश दिला २००३ मध्ये. सतरा वर्षं एक पैसा नाही, आणि भागधारक तक्रार करत नव्हते, कारण पैसा आत वाढत होता. गूगलवाल्या अल्फाबेटने आणि मेटाने तर २०२४ मध्ये पहिल्यांदा दिला.

लाभांश मिळाला म्हणजे नवे पैसे मिळाले, असंही नाही. ज्या दिवसापासून शेअर लाभांशाविना विकला जातो, त्या दिवशी भाव साधारण तेवढ्याने उतरतो. डाव्या खिशातलं उजव्या खिशात, आणि मध्ये आयकर. एप्रिल २०२० पासून तो कर भागधारकाच्या हातात, त्याच्या स्लॅबप्रमाणे लागतो.

दुसरी वाट बायबॅकची. कंपनी स्वतःचेच शेअर विकत घेऊन रद्द करते. वाटेकरी कमी झाले की उरलेल्यांच्या ताटात जास्त पडतं. टीसीएसने २०१७ मध्ये १६,००० कोटींचं बायबॅक केलं, २,८५० रुपये भावाने. तेव्हापासून या धंद्यात तो रिवाजच पडला. टेंडर पद्धतीच्या बायबॅकमध्ये, म्हणजे कंपनी ठरलेल्या भावाने थेट भागधारकांकडून शेअर मागवते तेव्हा, १५ टक्के हिस्सा दोन लाख रुपयांपर्यंतचे शेअर असलेल्या छोट्या भागधारकांसाठी राखीव असतो. करात पूर्वी त्यात सूट होती, १ ऑक्टोबर २०२४ पासून ती गेली. हे नियम फिरत असतात. त्या त्या वर्षी आपल्या सीएला विचारा, मला नको, मी निवृत्त आहे.

बोनस शेअर, म्हणजे असलेल्या शेअरमागे फुकट मिळणारे जादा शेअर, हे वाटप नव्हेच. शंभरची नोट देऊन पन्नासच्या दोन घेतल्या, इतकंच. तरी पेढे वाटणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता तुम्ही ज्याची वाट बघताय ते. फेब्रुवारी १९९३, इन्फोसिसचा इश्यू, ९५ रुपयांना. शंभर शेअर म्हणजे साडेनऊ हजार. बोनस आणि शेअरचं विभाजन (एकाचे दोन करणं) धरून २०१८ पर्यंत त्या शंभराचे झाले १,०२,४००. २०२४-२५ या वर्षाचा लाभांश शेअरमागे ४३ रुपये, म्हणजे एका वर्षात ४४ लाखांच्या वर. साडेनऊ हजारांवर! बघा, सभागृहात कशी शांतता पसरली. पण त्या वेळी तो इश्यू पुरता भरलासुद्धा नव्हता. लोकांना ही कंपनी नक्की काय बनवते तेच कळेना. कारखाना दाखवा म्हणायचे.

आणि ज्यांना २००० साली कळलं, त्यांचं काय झालं ते माझ्याकडे बघा. मी याच क्षेत्रात, मला सगळं कळतं अशा थाटात, चाळीस हजारांचे एका सॉफ्टवेअर कंपनीचे शेअर घेतले. नाव घेत नाही. ताळेबंदात नफा दिसत होता, उधारी मात्र दरवर्षी विक्रीपेक्षा वेगाने वाढत होती. ऑफिसात हेच मी इतरांना शिकवत होते. शेवटी त्या शेअरचा भाव चहाच्या कपाएवढा झाला. चहाही साधा, कटिंग.

मागून एक प्रश्न आलाय. ताई विचारताहेत, यजमानांच्या कपाटात जुनी शेअर सर्टिफिकेटं सापडलीत, लाभांश कधी घेतलेला नाही, तो बुडाला का? नाही. न घेतलेला लाभांश सात वर्षं कंपनीच्या वेगळ्या खात्यात राहतो. नंतर तो केंद्र सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे जातो, आणि सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअरही तिकडेच जातात. पण वारसाला दोन्ही परत मागता येतात. फॉर्म आयईपीएफ-५, सरकारी वेबसाइटवर भरायचा, कागद कंपनीकडे पाठवायचे. सरकार त्याची फी घेत नाही. टक्केवारी मागणारे एजंट भेटतील, आधी स्वतः प्रयत्न करा. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद काढून ठेवा, नावांची स्पेलिंगं जुळतात का बघा, माझ्या अनुभवात निम्मे अर्ज तिथेच अडतात. आणि ताई, ती सर्टिफिकेटं लॅमिनेट करू नका. केलीत? बरं, असू दे. मी व्यासपीठावरून खाली आल्यावर दाखवा मला.