तीन कागद नसलेला माणूस

मंडळी, २००३पर्यंत चीनमधल्या शहरात कामाला आलेल्या गावकऱ्याला पोलीस रस्त्यातून उचलून कोंडू शकत होते. त्यासाठी त्याने गुन्हा करावा लागत नसे, न्यायाधीशाची सही लागत नसे.

याचं मूळ १९५८च्या हुकोउ कायद्यात आहे. माणूस कुठला आणि शेतकरी की बिगरशेतकरी, ही ती नोंद. आपल्याला पटकन रेशनकार्ड आठवतं, आणि धान्याचा शिधा खरोखरच हुकोउवर मिळे. पण शाळा, घर, नोकरी हेही त्यालाच बांधलेलं होतं, आणि नोंद बदलून घेणं जवळपास अशक्य. १९८०च्या दशकात कारखान्यांना हात हवे झाले, तेव्हा माणसं शहरात आली आणि नोंद गावातच राहिली. शहरात राहायचं तर पोलिसांकडून तात्पुरता रहिवास परवाना काढायचा, पैसे भरून, मुदत संपली की पुन्हा.

१९८२ची नियमावली वाचली तर ती दयेची वाटते. भिकारी, बेघर यांना निवाऱ्यात घ्यायचं, गावी पोचवायचं. तिचं चिनी नाव ‘शौरोंग चियेनसोंग’, म्हणजे ताब्यात घेणं आणि परत पाठवणं. १९९१मध्ये तिच्यात ‘सान वू’, म्हणजे ‘तीन नाहीत’ असलेले लोकही आले: ओळखपत्र नाही, रहिवास परवाना नाही, कामाचा दाखला नाही. भिकाऱ्यांसाठीच्या जाळ्यात अशा रीतीने कामकरी माणूस सापडू लागला.

पैशाचा हिशेब नीट पाहा, कारण छळाचं मोठं कारण तिथे आहे. कोठडीतल्या जेवणाचा आणि परतीच्या प्रवासाचा खर्च कैद्याकडून किंवा नातेवाइकांकडून वसूल व्हायचा. ज्याच्याकडे नाही, त्याने मजुरी करून फेडायचा. म्हणजे जितकी माणसं आत, तितकी कोठडी चालवणाऱ्यांची कमाई. मग खिशातला परवाना फाडून टाकून माणसाला ‘विनापरवाना’ ठरवल्याच्या तक्रारीही होऊ लागल्या. वर कोर्टात दाद मागणं प्रत्यक्षात जवळपास अशक्य.

१७ मार्च २००३च्या रात्री दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात सुन झिगांग या तरुणाला असंच उचललं. वय २७, पदवीधर, कपड्यांच्या कंपनीत डिझायनर. शहरात येऊन महिनाही झाला नव्हता. ओळखपत्र खोलीवर राहिलं होतं. मित्र ते घेऊन पोलीस ठाण्यात गेला, तरी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला ताब्यातल्या लोकांसाठीच्या उपचार केंद्रात हलवलं. तिथे कर्मचाऱ्यांच्या चिथावणीने इतर कैद्यांनी त्याला मारलं, आणि २० मार्चला तो गेला. आधी आजाराचं कारण पुढे केलं गेलं. शवविच्छेदनात अंगभर मऊ ऊतींना जबर मार आणि त्यातून शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोसळणं, असं निघालं. २५ एप्रिलला ‘नानफांग दूशी बाओ’ या दैनिकाने हे छापलं.

मे महिन्यात शू झियोंग, तेंग ब्याओ आणि यू ज्यांग या तीन कायदेतज्ज्ञांनी संसदेच्या स्थायी समितीला पत्र दिलं. मुद्दा नेमका होता: २०००च्या विधिनिर्मिती कायद्यानुसार माणसाचं स्वातंत्र्य फक्त संसदेच्या कायद्यानेच काढून घेता येतं, आणि १९८२ची नियमावली तर मंत्रिमंडळाची. समितीला यावर निर्णय द्यावा लागला असता, तर बाकीच्या अशा नियमांनाही तोच मापदंड लावता आला असता. मंत्रिमंडळाने जूनमध्ये स्वतःच नियमावली मागे घेतली. १ ऑगस्टपासून मदत केंद्रांची नवी नियमावली आली, जिच्यात सक्ती नाही. हजारो माणसं सुटली, हे मोठंच. प्रश्नाला उत्तर मात्र मिळालं नाही, म्हणून खटल्याविना डांबणारी ‘श्रमातून पुनर्शिक्षण’ ही पद्धत आणखी दहा वर्षं, २०१३ संपेपर्यंत, टिकली.

मारहाणीबद्दल शिक्षा झाल्या, एकाला मृत्युदंडही. पुढच्या वर्षी त्या दैनिकाचे संपादक चेंग यिझोंग यांना अटक होऊन काही महिने कोठडीत ठेवलं गेलं. शू झियोंग यांना २०२३मध्ये १४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. हुकोउ आजही आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये बीजिंगच्या दाशिंग भागात आग लागून १९ जण गेले, आणि त्यानंतरच्या ४० दिवसांच्या तपासणी मोहिमेत ऐन थंडीत बाहेरगावच्या कामगारांना खोल्या रिकाम्या करायला लावल्या गेल्या.