दोन तारांवरचं जॅझ

नमस्कार. जॅझ शिकायला येणाऱ्या गिटारवाल्यांच्या हातात बहुधा कॉर्ड्सचं, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळण्यांचं, एक जाडजूड पुस्तक असतं आणि तोंडी एकच प्रश्न, यातल्या किती पाठ करायच्या? मेजर सेव्हन्थ, मायनर नाइन्थ, थर्टीन्थ. ताणलेली बोटं आणि करंगळीला पेटके. माझं म्हणणं असं की पुस्तक तूर्त मिटून ठेवा. तीन कॉर्ड्स घ्या, आणि त्या तिन्हींमध्येही चौथ्या आणि तिसऱ्या तारेकडेच बघा (सगळ्यात बारीक तार ती पहिली). प्रोग्रेशन म्हणून, म्हणजे एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना, जे काही घडतं ते मुख्यतः तिथे घडतं.

या तीन कॉर्ड्स म्हणजे डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन. वाजवणारे याला टू-फाइव्ह-वन म्हणतात, कारण सी हा आपला सा धरला तर पहिली कॉर्ड दुसऱ्या सुरावर, रे वर उभी आहे, दुसरी पाचव्यावर, प वर, आणि तिसरी सा वर. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण आधी पेटी नाहीतर गाणं शिकलेले दिसतात, म्हणून सरगमातच बोलू. डी मायनर सेव्हनमध्ये रे, म, ध, सां आहेत. जी सेव्हनमध्ये प, नि, रे, म. सी मेजर सेव्हनमध्ये सा, ग, प, नि. रे पासून म सोडून थेट प ला गेलो आणि प पासून सां ला, म्हणजे मूळ सूर दर वेळी षड्ज-मध्यम भावाने पुढे सरकतो. हे नातं आपल्या कानाला परकं नाही.

आता गिटारवर. फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेलं घर. पहिली कॉर्ड: पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर पाचवा. बाकीच्या तारा गप्प. दुसरी: सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर चौथा. मधली पाचवी तार वाजायला नको, म्हणून सहावीवरच्या बोटाचं टोक तिला हलकंसं टेकवून ठेवायचं. तिसरी कॉर्ड: पाचवीवर तिसरा, चौथीवर दुसरा, तिसरीवर चौथा.

मूळ सूर विसरा आणि वरच्या दोन तारा तेवढ्या वाजवा. चौथ्या तारेवर तीन, तीन, दोन. तिसऱ्या तारेवर पाच, चार, चार. एकदा एक बोट अर्धा सूर खाली येतं आणि दुसरं जागेवर थांबतं. मग दुसरं खाली येतं आणि पहिलं थांबतं. सरगमात सांगायचं तर सां उतरून नि होतो आणि म तसाच राहतो, नंतर म उतरून ग होतो आणि नि तसाच राहतो. प्रत्येक कॉर्डचा, तिच्या मूळ सुरापासून मोजलेला, तिसरा आणि सातवा सूर एवढाच हा ऐवज. कॉर्ड मायनर आहे की मेजर, सुटलेली आहे की अडकलेली, हे याच दोन सुरांवरून कळतं. पाचवा सूर नसला तरी कुणाचं काही अडत नाही.

मधल्या कॉर्डवर जरा थांबू. तिथे म आणि शुद्ध नि एकत्र वाजतात. दोघांत बरोबर सहा अर्धसुरांचं अंतर. नि ला सा कडे जायचंय, म ला ग कडे. या ओढाताणीमुळेच फाइव्ह ही कॉर्ड पुढे ढकलते. म ग वर येतो, अपेक्षेप्रमाणे. पण नि? तो सा ला जातच नाही. तो नि म्हणूनच बसून राहतो, आणि जॅझवाले म्हणतात, घर आलं. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे पहिल्यांदा खटकतं, खटकायलाच हवं. कुणी मला सांगितलं की सी मेजर सेव्हन पहिल्याच दिवशी गोड लागली, तर तो ऐकत नव्हता असं मी धरून चालतो. दोन-तीन आठवडे रोज वाजवल्यावर एक दिवस साधी सी मेजर, सा-ग-प वाली, कोरी वाटायला लागते. मग समजायचं की कान वळायला लागला.

एवढ्या कमी सुरांत जॅझ होतं का, ही शंका येतेच. अमेरिकन जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या वाद्यवृंदात गिटारवाला फ्रेडी ग्रीन 1937 मध्ये आला आणि 1987 मध्ये वारेपर्यंत तिथेच होता. पन्नास वर्षं, ॲम्प्लिफायरशिवाय, बारच्या, म्हणजे चार ठोक्यांच्या एका आवर्तनाच्या, चारही ठोक्यांवर एकेक कॉर्ड. तीन सुरांच्या कॉर्ड्स, आणि त्यातलाही एखादाच सूर नीट ऐकू येईल अशा बेताने दाबलेल्या. पंधरा-सोळा जणांचा ताफा त्याच्या त्या ठेक्यावर झुलायचा. सोलो तो क्वचितच वाजवी.

आता खरी गंमत. 1930 मध्ये जॉर्ज गर्श्विनने ब्रॉडवेच्या एका संगीतिकेसाठी ‘आय गॉट रिदम’ हे गाणं केलं. त्याची चाल लोकांना आवडली, पण वादकांना तिच्याखालचं कॉर्ड्सचं प्रोग्रेशन त्याहून जास्त आवडलं. त्याच सांगाड्यावर त्यांनी नव्या चाली रचल्या: ड्यूक एलिंग्टनची ‘कॉटन टेल’, सनी रोलिन्सची ‘ओलिओ’, अशा कितीतरी. चालीवर मालकी सांगता येते, कॉर्ड्सच्या क्रमावर सांगता येत नाही, हेही एक कारण. त्या सांगाड्याला आज नुसतं ‘रिदम चेंजेस’ म्हणतात. जॅम सेशनला, म्हणजे वादक आयत्या वेळी जमून वाजवतात तिथे, कुणी ‘रिदम, बी फ्लॅट’ एवढंच म्हणतो आणि सगळे सुरू होतात.

हा 32 बारचा आराखडा आहे. आठ-आठ बारचे चार भाग, त्यातला तिसरा भाग म्हणजे ब्रिज. पहिल्या भागात कॉर्ड्स भराभर बदलतात, तो आज सोडून देऊ. ब्रिज मात्र गिटारसाठीच केला असावा असा आहे. बी फ्लॅटमध्ये त्यात डी सेव्हन, जी सेव्हन, सी सेव्हन, एफ सेव्हन, प्रत्येकी दोन बार. चौथी आणि तिसरी तार बघा. डी सेव्हनला चौथीवर चार, तिसरीवर पाच. जी सेव्हनला तीन आणि चार. सी सेव्हनला दोन आणि तीन. एफ सेव्हनला एक आणि दोन. बोटांचा आकार बदलतच नाही, जोडी एकेक फ्रेट खाली घसरते. खालचा मूळ सूर तेवढा पाचव्या आणि सहाव्या तारेवर आलटून-पालटून उड्या मारतो. आणि आत चाललंय काय, तर जो सूर पहिल्या कॉर्डचा तिसरा होता त्याच तारेवर पुढच्या कॉर्डचा सातवा येतो, आणि सातव्याच्या जागी तिसरा. दर वेळी अदलाबदल. पियानोवाल्याला हे समजतं, गिटारवाल्याला हाताला जाणवतं. या बाबतीत आपलं वाद्य उजवं आहे असं माझं ठाम मत आहे, पियानोवाल्यांनी रागावू नये.

याचाच एक फायदा. टू-फाइव्ह-वनमधली जी सेव्हन परत पकडा. चौथीवर तीन, तिसरीवर चार. ती दोन बोटं हलवू नका. खालचा सूर सहाव्या तारेवरून काढून पाचव्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर न्या. झाली डी फ्लॅट सेव्हन. आता मूळ सूर पाचव्या तारेवर पाच, चार, तीन असा सरळ पायऱ्या उतरतो. याला ट्रायटोन सब्स्टिट्यूशन म्हणतात, म्हणजे सहा अर्धसुरांवरच्या कॉर्डची अदलाबदल, आणि नावाला घाबरून लोक दोन वर्षं त्याच्या वाटेला जात नाहीत.

बारा बारच्या ब्लूजबद्दल थोडक्यात: तिथे सा वरची कॉर्डसुद्धा कोमल नि घेऊन बसते, आणि जॅझवाले नवव्या-दहाव्या बारला आपली टू-फाइव्ह घालतात. बाकी ते ऐकून शिका.

‘ऑटम लीव्हज’ हे गाणं मात्र जरूर घ्या. जोसेफ कोस्मा या हंगेरीत जन्मलेल्या संगीतकाराची पॅरिसमधली चाल. तिच्या सुरुवातीच्या ओळींत जी मेजरचं टू-फाइव्ह-वन येतं, मग सी मेजर सेव्हनचा एक जिना, आणि लगेच ई मायनरचं टू-फाइव्ह-वन. म्हणजे एकाच श्वासात सा दोन ठिकाणी. नवख्या माणसाचा हात इथे चुकत नाही, कान चुकतो. उपाय एकच, दोन्ही ठिकाणी तो तो सा मोठ्याने गाऊन बघायचा.

हे सगळं लांबच्या देशातलं वाटत असेल, तर तसंही नाही. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्डसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक वाजवत होते. चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन वाचायला शिकलेले गोव्याचे तरुण त्या बँड्समध्ये शिरले आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओत. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांच्यातलाच, सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या संगीतात, 1951 मध्ये, त्याचा हात आहे. तुमच्या आजीच्या कानावरून या कॉर्ड्स कधीच गेलेल्या आहेत.

रियाज कसा करायचा? मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठवर लावा आणि ते ठोके दुसरा आणि चौथा समजा. म्हणजे लय प्रत्यक्षात एकशेवीसची होते आणि एक नि तीन तुम्हाला स्वतः धरावे लागतात. पहिले काही दिवस सारखं घसरायला होईल. टू आणि फाइव्हला एकेक बार, वनला दोन. मग एक फ्रेट वर, पुन्हा तेच. फ्रेटबोर्ड संपला की सहाव्या तारेवरून सुरू होणारी जोडी शोधा. ती मी सांगत नाही, तिसरा आणि सातवा सूर कुठे आहेत हे आता तुम्हाला माहीत आहे.

आणि हे हाताला बसलं की दुसरी तार उघडा. डी मायनरला दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट, जी सेव्हनलाही पाचवाच, सी मेजरला तिसरा. सुरुवातीला करंगळी कुरकुरते. पण पुस्तकात ज्यांना डी मायनर नाइन, जी थर्टीन आणि सी मेजर नाइन म्हटलंय, त्या याच. बास वाजवणारा सोबत असेल तर खालचा मूळ सूर त्याच्यावर सोडा आणि या वरच्या तीन तारांवरच वाजवा.