कसाऱ्यात गाडी का थांबते?

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईहून नाशिकला येणारी गाडी कसाऱ्यात थांबली की डब्यात कुणीतरी म्हणतंच, "झालं, रखडली!" रखडत नाही हो. मागे बँकर, म्हणजे गाडीला मागून रेटून घाट चढवणारं जादा इंजिन, लागतोय.

बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ची. कसाऱ्यापर्यंत ती आली १ जानेवारी १८६१ ला, आणि कसारा-इगतपुरी हा थळ घाट खुला झाला १ जानेवारी १८६५ ला. जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, पण मध्ये चार वर्षं गेली. थळ आणि बोर या दोन्ही घाटांची आखणी करणारे मुख्य अभियंता जेम्स बर्कले १८६२ मध्येच वारले. दोन्हींतला एकही घाट सुरू झालेला त्यांना दिसला नाही. आपण चौकाचौकाला नावं देतो, या माणसाची एखादी पाटी इगतपुरीला ठळक दिसायला काय हरकत आहे?

तर बँकर. घाटाचा चढ एकास सदतीस. परत सांगतो, एकास सदतीस: सदतीस मीटर पुढे सरकलं की एक मीटर वर. रेल्वेसाठी हा फार मोठा चढ. म्हणून कसाऱ्यात गाडीच्या मागून दोन इंजिनं, गाडी फारच जड असेल तर तीन, सावकाश येऊन शेवटच्या डब्याला टेकतात. माणूस खाली उतरून कपलिंग अडकवतो, ब्रेकच्या हवेचे पाइप जोडतो, हवेचा दाब नीट भरला का ते पाहतो. मग पुढच्या इंजिनाची शिट्टी, मागून उत्तराची शिट्टी, आणि दोन्हीकडून एकदम जोर. एकदम हे महत्त्वाचं. मागच्याने आधी रेटलं तर डबे एकमेकांवर दाबले जातात. पुढच्याने एकट्याने ओढलं तर सगळा ताण कपलिंगवर.

मग सगळी इंजिनं पुढेच का लावत नाहीत? कारण पूर्ण गाडीचं वजन पहिल्या कपलिंगवर येईल. ते तुटलं तर मागचे डबे उलटे कसाऱ्याकडे सुटायचा धोका. भरलेली हातगाडी चढावर नेताना एक जण ओढतो, दुसरा मागून रेटतो, तसंच हे. शेवटच्या डब्यात असाल तर मागच्या खिडकीतून बघा, बँकर अगदी नाकासमोर असतो. पण दारात लटकून धबधब्यांचे फोटो काढू नका. पावसाळ्यात हा आचरटपणा फार वाढलाय.

इगतपुरीला बँकर सुटतो. पूर्वी तिथे पुढचं इंजिनही बदलायचं, कारण मुंबईकडे १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि नाशिककडे २५,००० व्होल्टचा एसी. आता सगळीकडे एसी. तेव्हा इंजिन बदलेपर्यंत खाल्लेल्या वड्याची चव मात्र आता राहिली नाही, असं माझं ठाम मत.

मुंबईची लोकल कसाऱ्यालाच संपते, तीही याच चढामुळे. सीएसएमटी ते कसारा १२१ किलोमीटर, नाशिकरोड त्याच्याही बरंच पुढे. म्हणून आपली माणसं नाशिकहून शेअर टॅक्सीने कसारा गाठतात आणि तिथून लोकल पकडतात.

उतरताना बँकर लागत नाही, तरी गाडी घाटात मध्येच थांबते. तिथे सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सरकते रूळ, मुद्दाम बाजूच्या चढत्या रुळाकडे लावलेले असतात, त्याला कॅच सायडिंग म्हणतात. गाडी पूर्ण थांबली, ब्रेक ताब्यात आहेत हे दिसलं, की मगच सांधे मुख्य मार्गाकडे वळतात. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच, तर ती त्या चढावर जाऊन थांबते, कसाऱ्यात येऊन आदळत नाही.