आत्याची गोळी आणि अकरावं गुणसूत्र

मंडळी, बायपोलर म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्या लाटा आणणारा मनाचा आजार; तो काय असतो, हे इथं बसलेल्या बहुतेकांना सांगायला नको. चार रात्री न झोपता दुकानाचे नवे बेत आखणारा आणि पुढच्या महिन्यात अंथरुणातून न उठणारा माणूस तुम्ही घरातच पाहिलाय. तुमचा खरा प्रश्न मला ठाऊक आहे. तो सभेत कुणी विचारत नाही, कार्यक्रम संपल्यावर चपला घालता घालता विचारतात, "डॉक्टर, हे मुलांत उतरतं का हो?"

उतरू शकतं. पण 'रक्तात आहे' असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो, ते जरा बघू.

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात आमिश हा जुन्या साध्या चालीनं राहणारा ख्रिस्ती पंथ आहे. मोटारी नाहीत, घोडागाडी. दारू आणि नशापाणी अगदी कमी. कुटुंबं मोठी आणि वंशावळी नीट लिहून ठेवलेल्या. आनुवंशिकतेच्या अभ्यासाला याहून सोयीचा समाज कुठला मिळणार? जॅनिस इगलँड या संशोधक तिथं वर्षानुवर्षं घरोघर फिरल्या. आमिश माणसाचा उन्मादही आमिशच असतो बरं का! घोडा बेफाम पिटाळणं, सार्वजनिक टेलिफोनवर तासन्‌तास बोलणं, ही तिथली लक्षणं. आपल्याकडे क्रेडिट कार्डाचं बिल येतं, एवढाच फरक. आणि या आजाराबद्दल त्यांच्या बोलीतही शब्द तेच: 'रक्तातच आहे.'

१९८७ साली इगलँड आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जाहीर केलं की एका मोठ्या आमिश कुटुंबात हा आजार अकराव्या गुणसूत्राच्या (पेशीत जनुकं वाहून नेणाऱ्या धाग्यांपैकी एकाच्या) टोकाशी असलेल्या खुणांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या उतरताना दिसतो. जनुक आता सापडलंच, अशी हवा झाली. मग कुटुंबातले दोघे जण, ज्यांची नोंद निरोगी म्हणून झाली होती आणि ज्यांच्याकडे ती खूण नव्हती, आजारी पडले. कुटुंबाच्या आणखी शाखा तपासल्या, त्यांतही मेळ बसेना. १९८९ मध्ये त्याच 'नेचर'मध्ये तो दावा कोसळला. मला स्वतःला ही गोष्ट अपयशाची वाटत नाही. दोन माणसांच्या आजारपणानं मोडेल इतका दावा नाजूक होता, आणि मोडल्यावर तसं छापण्याइतके ते लोक प्रामाणिक होते.

आज चित्र पार वेगळं आहे. २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या अभ्यासात दीड लाखाहून जास्त रुग्ण आणि सुमारे २८ लाख इतर लोक होते. त्यांत या आजाराशी जोडलेल्या जनुकसंचातल्या २९८ जागा सापडल्या. एक नव्हे, २९८! आणि हीही यादी अपुरी आहे. प्रत्येक जागेचा हातभार चिमूटभर. त्यातलं एक जनुक चेतापेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या दारांशी संबंधित आहे. या जनुकात आजाराशी जोडलेला बदल असलेली असंख्य माणसं ठणठणीत असतात. शिवाय यातल्या कितीतरी जागा स्किझोफ्रेनिया या दुसऱ्या मानसिक आजाराच्या यादीतही आहेत. आजारांना नावं आपण दिली, जनुकांना ती पाठ नाहीत.

आता हिशेब. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या आजाराची आनुवंशिकता साधारण ६० ते ८५ टक्के धरतात. हा आकडा ऐकला की आई घाबरते: म्हणजे माझ्या मुलाला ८० टक्के धोका? नाही. तो आकडा समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांमुळे, एवढंच सांगतो. सर्वसाधारण लोकांत हा आजार शंभरात एकाच्या आसपास; आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलांत शंभरात पाच ते दहा. म्हणजे शंभरातल्या नव्वद ते पंचाण्णव मुलांना बायपोलर होत नाही. नैराश्याची शक्यता मात्र थोडी वाढते, हे लपवणार नाही. तंतोतंत सारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही.

लाळ तपासून बायपोलरचं निदान करणारी चाचणी आज नाही. मोठ्या अभ्यासांतली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची आहेत, त्यामुळे त्यावरून काढलेले धोक्याचे आकडे आपल्याला नीट लागू पडत नाहीत. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत अनेक रुग्ण असलेल्या भारतीय कुटुंबांचा अभ्यास चालतो, तो म्हणूनच मोलाचा.

घराण्याची माहिती तरीही हवी. लिथियम या बायपोलरवरच्या औषधाचा चांगला गुण येणं हेही काही घराण्यांत चालत येतं. पण आपल्याकडे ही माहिती फिरते ती लग्न जमवताना. 'मुलाच्या आत्याला काहीतरी होतं म्हणे' हे तीन तालुक्यांना ठाऊक असतं. आत्याला कोणती गोळी लागू पडली होती, ते मात्र माझ्या समोर बसून कुणी सांगत नाही.