उसनी दिलेली तलवार

[दृश्य: टेबलावर कागद, फासे. एका कॅरेक्टर शीटवर, म्हणजे खेळाडूच्या पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर, पेन्सिल थबकलेली.]

पात्र मेलं. फाशांनी दगा दिला, भाला बरगडीत शिरला, संपलं सगळं. खरंच संपलं? डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून पात्रं वठवायच्या खेळाच्या २०१४ च्या नियमांत मेलेल्याला उठवायला पाचव्या पातळीचा मंत्र आणि ५०० सुवर्णनाण्यांचा हिरा पुरतो. १० दिवसांच्या आत, एवढीच घाई. मरण म्हणजे नुसता खर्चाचा मामला. अशा जगात मृत्यूच्या देवाला कोण कशाला भजेल? मग तो उरतो कवट्या गोळा करणाऱ्या खलनायकांपुरता.

ग्लोरँथा या दुसऱ्या काल्पनिक जगाचं तसं नाही. ग्रेग स्टॅफर्डने हे जग १९६६ मध्ये, कॉलेजात असताना, लिहायला घेतलं. त्यावर बोर्ड गेम आला १९७५ मध्ये, आणि पात्रं वठवायचा खेळ रूनक्वेस्ट १९७८ मध्ये. आधी पुराणं, मग फासे. ते खेळताना जाणवतं.

[दृश्य: काळ्या पडद्यावर एक उभी तलवार.]

या पुराणात सुरुवातीला मरण नव्हतंच. युर्मल नावाच्या लबाड देवाने ते शोधून आणलं. ते हुमाक्त या मृत्युदेवाच्या हाती आलं आणि पहिला घाव बसला तो मर्त्यांच्या आदिपुरुषावर. मरण ही इथे उपमा नव्हे, वस्तू आहे. तलवार आहे. म्हणून ती चोरता येते, उसनी नेता येते. ती वादळदेव ऑरलँथच्या हाती लागली आणि त्याने सूर्यसम्राट येल्मला मारलं. जग अंधारात बुडालं. हुमाक्तने आपल्या वादळकुळाशी नातंच तोडून टाकलं. तलवार आणखी काय करणार म्हणा!

आता ऑरलँथच्या भक्ताला विचारा. तो सांगेल, जुलमी बादशहा पडला. पुढे आमच्याच देवाने पाताळात उतरून त्याला परत आणलं, केलेलं निस्तरलं. सूर्यभक्त सांगेल, बंडखोराने खून केला. खोटं कोण बोलतंय? खेळात दोघांचेही मंत्र चालतात. हीरोक्वेस्ट नावाच्या विधीत तर भक्त आपल्या देवाच्या कथेत स्वतः शिरतो आणि तिथून काहीतरी घेऊन परततो. परतला तर. गॉड लर्नर्स नावाच्या पंडितांना मात्र वाटलं, कथा सगळ्या सारख्याच, देवता बदलली तरी काय बिघडतं? त्यांनी दोन प्रदेशांच्या धान्यदेवता अदलाबदल करून पाहिल्या. पिकं बुडाली. पुराण तिथल्या मातीला धरून असतं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

[दृश्य: पुन्हा टेबल. शीटवरची देणगी आणि बंधनांची यादी, जवळून.]

हुमाक्तच्या भक्ताला देव देणगी देतो, आणि देणगीमागे एक बंधन. कुणी दबा धरून हल्ला करायचा नाही, कुणी जन्मभर ब्रह्मचारी राहायचं. प्रेतं उठवून चालवणाऱ्यांचा हा पंथ हाडवैरी: मेलेल्याने मेलेलंच राहावं. आणि हा नियम स्वतःलाही लागू.

मेलेलं पात्र हुमाक्तचंच भक्त. म्हणून या टेबलावर आत्ता सगळे गप्प आहेत. चलाना अॅरॉय या आरोग्यदेवतेची पुजारीण गटात आहे. तिच्याकडे मेलेल्याला परत आणणारा मंत्र आहे. तिचा खेळाडू विचारतो, "आणू का परत?"

हुमाक्तवाला मान हलवतो. शीट पालथं घालतो आणि कोरा कागद मागतो.