पन्नासाचे शंभर कसे होतात

ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेचा चढउतार रेघेने दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर दिसणारी ही हिरवी रेघ म्हणजे आपल्या घरातलीच वीज आहे. ट्रान्सफॉर्मरने तिचा दाब 230 व्होल्टवरून 12 व्होल्टपर्यंत उतरवला आहे, एवढेच. पडद्यावरची एक आडवी चौकट 5 मिलिसेकंदांची असून वरची एक कमान आणि खालची एक कमान मिळून बरोबर चार चौकटी भरतात. म्हणजे आवर्तकाल 20 मिलिसेकंद आणि वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांची संख्या, 50 हर्ट्झ.

आता वाटेत एकच डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा घटक, जोडला आहे. खालच्या कमानी नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी सपाट रेघ उरली. निम्मी लहर गेली म्हणजे वारंवारताही बदलली असेल, असे इथे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. पण आवर्तकाल म्हणजे तोच आकार पुन्हा सुरू होईपर्यंत लागणारा वेळ, आणि त्यात ते सपाट 10 मिलिसेकंदही मोजावे लागतात. म्हणून वारंवारता 50 हर्ट्झच राहते.

चार डायोडांचा ब्रिज जोडला की खालची कमान पुसली जात नाही, ती उलटून वर येते. वीजकेंद्रातले जनित्र जुन्याच वेगाने फिरत आहे, ट्रान्सफॉर्मरही तोच आहे, कशाचीही गती वाढलेली नाही; केवळ दोन कमानींना वेगळे ठरवणारा दिशेचा फरक मिटला, आणि त्यामुळे दर 10 मिलिसेकंदांनी तोच आकार परत येऊ लागला. वारंवारता 100 हर्ट्झ झाली. मला या साऱ्या प्रयोगात हाच क्षण सर्वांत सुंदर वाटतो. नीट पाहिले तर दोन कमानींच्या मध्ये तळाशी एक बारीक सपाट तुकडा दिसतो, कारण चारपैकी एका वेळी वाटेत असणाऱ्या दोन सिलिकॉन डायोडांना वाहू लागण्यासाठी सुमारे 1.4 व्होल्ट लागतात. आवर्तकालावर मात्र त्याचा परिणाम होत नाही.

वीज साठवून गरजेप्रमाणे सोडणारा कपॅसिटर लावल्यावर कमानींमधल्या दऱ्या बुजतात, तरी उरलेली लहर 100 हर्ट्झचीच असते. कपॅसिटर पुन्हा भरण्याची वेळ दुप्पट वेळा येत असल्याने, तेवढ्याच भाराला आणि तेवढ्याच कपॅसिटरला ही लहर एका डायोडच्या मानाने जवळपास निम्मी उरते.

दुरुस्ती करणाऱ्याला हे ज्ञान रोज उपयोगी पडते. अॅम्प्लिफायरच्या ब्रिजमधला एक डायोड आतून तुटला, की पडद्यावर एकाआड एक कमान गायब होते, आवर्तकाल पुन्हा 20 मिलिसेकंदांचा होतो आणि स्पीकरमधली घूं घूं वाढून एक सप्तक खाली उतरते.