मारुतीच्या छातीला पाणी लागलं का?

सकाळचे साडेसात वाजलेत, आपण नाशिकच्या गोदाघाटावर आहोत आणि ही बघा चौथीची पोरं, गळ्यात वॉटरबॅग, हातात वही, रांगेत चला म्हणून सांगितलं होतं पण रांग केव्हाच मोडलीय. आजचा तास वर्गात नाही, इथेच आहे.

बाईंनी विचारलं, या नदीचं नाव काय? अर्धी पोरं ओरडली गोदावरी, अर्धी ओरडली गंगा. दोन्ही बरोबर! पुस्तकात गोदावरी असते आणि घरी आजी म्हणते, "गंगेवर जाऊन येते गं." त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून निघालेली ही नदी नाशिककरांसाठी गंगाच.

आता समोर बघा, दुतोंड्या मारुती, दोन तोंडांची ही मोठी मूर्ती. नाशिकमध्ये पाऊस वाढला आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं की होळकर पुलाखालून किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी गेलं ते बातम्यांत येतं, पण गावातला माणूस आधी विचारतो, मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का, छातीला लागलं का. म्हणजे आमचं पूर मोजायचं माप हे असं भर घाटात उभं आहे आणि कुणाला ते शिकवावं लागत नाही. पोरांनी टेप आणलाय, प्रत्येकाची उंची मोजून वहीत लिहिली आणि मग सगळे मान वर करून मारुतीकडे बघायला लागले, की २००८ ला पाणी सराफ बाजारात शिरलं होतं, मग त्या दिवशी आपण इथे उभे असतो तर? एकदम शांतता.

गृहपाठ कालच दिला होता, घरातल्या मोठ्यांना विचारून या, तुम्ही पाहिलेला सगळ्यात मोठा पूर कोणता. एका मुलीच्या आजीने १९६९ चा पूर सांगितला, धान्याचे डबे माडीवर कसे नेले ते सांगितलं, आणि ती मुलगी ते सगळं आजीच्याच शब्दांत, हात हलवून हलवून सांगत होती. मला विचाराल तर आजचा सगळ्यात मोठा धडा तोच होता.

पुढे नारोशंकराचं मंदिर, १७४७ चं. वर टांगलेली मोठी घंटा दिसतेय ना, ती १७३९ ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली त्या विजयाची आठवण. जुनी माणसं महापुराचं बोलताना याही घंटेचं नाव काढतात, पाणी घंटेपर्यंत गेलं म्हणजे झालंच.

आणि मग काळाराम मंदिर. काळ्या दगडाचं, अठराव्या शतकात सरदार ओढेकरांनी बांधलेलं, हे पोरांना माहीत होतं, दर्शनाला येतातच. पण बाई दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं इथे आली होती, त्यांना आत जायचं होतं आणि दारं बंद होती. एका पोराने लगेच विचारलं, का बंद होती? बाईंनी उत्तर टाळलं नाही. अस्पृश्य म्हणून ठरवलेल्या माणसांना देवळात येऊ देत नव्हते, पाण्यावर जाऊ देत नव्हते, हे सरळ शब्दांत सांगितलं, आणि हा सत्याग्रह १९३५ पर्यंत चालला हेही सांगितलं. तो पोरगा बोटांवर मोजत राहिला, एकतीस, बत्तीस, तेहतीस... "म्हणजे बाई, मी पहिलीत असल्यापासून आत्तापर्यंतपेक्षा जास्त?" हो, त्याहून जास्त. नऊ वर्षांच्या मुलांना हे कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्याचा चेहरा बघायला हवा होता. हा भाग गाळून गावाचा इतिहास सांगूच नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

ऊन वाढलं, वॉटरबॅगा रिकाम्या झाल्या. परत जाताना शनी चौक लागला. इथे बाईंनी सगळ्यांना मधोमध उभं केलं आणि म्हणाल्या, तुमच्या पायाखाली हौद आहे. पेशवेकाळापासूनची रहाड! वर्षभर मातीखाली झाकलेली असते, रंगपंचमीला उघडतात, पूजा होते आणि मग रंगाच्या पाण्यात धप्पकन उड्या. प्रत्येक रहाडीचा रंगही ठरलेला असतो. पोरं रोज याच चौकातून शाळेत जातात.

आता ती सगळी पाय आपटून बघतायत, खालून पोकळ आवाज येतो का.